तुला न दिसलेली कोळीण

कडुबा, परवा रामनवमी झाली आणि यंदाची मोजणी संपली. तू गेलास त्याला अजून तीन महिने झाले नाहीत. गेलेल्या माणसाविषयी लिहिताना त्याचे गुण सांगायची रीत आहे. ते काम तुझ्या दहाव्याला गावातल्या पुढाऱ्यांनी माईकवरून केलंय, तेव्हा मी ते पुन्हा करत नाही. मी बसलोय ते तू केलेल्या एका लबाडीबद्दल लिहायला. ती मला परवा कळली, आणि तेव्हापासून मी अधूनमधून एकटाच हसतोय. शेजारच्या पाटलीणबाईंनी काल जिन्यात थांबवून तब्येत विचारली.

तू पहिल्यांदा माझ्या गुलमंडीवरच्या दुकानात आलास तेव्हा मी तुला सरळ गिऱ्हाईक समजलो होतो. अंगात शेंद्र्याच्या कारखान्याचा निळा शर्ट, डोक्याला रुमाल, चपलांवर शेतातली माती. तुला खुर्चीत बसवून समोरचा तक्ता वाचायला सांगितला. तू वरच्या मोठ्या अक्षरापासून खालच्या ओळीपर्यंत धडाधडा वाचत गेलास, आणि ओळी संपल्यावर चौकटीला लागून बारीक ठशात छापखान्याचं नाव होतं तेही वाचलंस. तो तक्ता माझ्या वडिलांच्या वेळचा. तिथं नाव आहे हे मला त्या दिवशी समजलं.

“तुम्हाला चष्म्याची गरज नाही,” मी म्हणालो.

“ते म्हाईत हाय. मला जवळचं बी दिसतं, लांबचं बी दिसतं. पन त्याच्या पल्याडचं दिसाया पायजे. उन्हाळ्याच्या तोंडाला आमच्याकडं डोंगरावरनं मोठाले पक्षी जातेत. त्यांच्या पोटावरच्या रेघा काय दिसत नाईत.”

काचेच्या कपाटात एक जुनी दुर्बीण शोभेला म्हणून पडून होती. ती तुला दिली. तू दुकानाच्या दारात उभा राहून ती आकाशाला लावलीस ती लावलीसच. आत दोन गिऱ्हाइकं ताटकळलेली. बऱ्याच वेळानं म्हणालास, “शिक्रा हाय. त्या टाकीवर बसून कबुतर खाऊ राह्यला. या, बगा.” मी वैतागून बाहेर आलो, दुर्बीण हिसकावली आणि पाहिलं. कडुबा, त्या दुकानात माझी तीस वर्षं गेली होती आणि दुकानांच्या पाट्यांच्या वर मी कधी मान उचलली नव्हती. शिक्र्याचा डोळा तांबडालाल होता. गिऱ्हाइकं निघून गेली तरी मी पाहतच होतो.

त्या वर्षी शिवरात्र झाल्यावर तू मला चौक्याच्या घाटावरच्या त्या टेकडीवर नेलंस. थंडीभर आपल्या मुलखात मुक्कामाला आलेले गरुड, ससाणे, भोवत्ये उन्हाळा लागला की उत्तरेला आपापल्या गावी निघतात, आणि त्यातले बरेच त्या खिंडीवरून जातात, हा शोध तू शेळ्या राखायच्या वयात लावला होतास. शिवरात्र ते रामनवमी, आठवड्यातले चार दिवस, सकाळी आठपासून बारापर्यंत. त्यासाठी तू कारखान्यात महिना-सव्वा महिना दुसरी पाळी मागून घ्यायचास आणि मी दुकान चारला उघडायचो. माझी बायको सुधा म्हणायची, “लोकांना दिसत नाही म्हणून ते याच्याकडे येतात, आणि हा बसलाय डोंगरावर आभाळ बघत.” शेजारचे घड्याळवाले चाचा मला स्कूटरला लाथ मारताना पाहून विचारायचे, “क्यों मियाँ, आज भी बारात है क्या चीलों की?”

सकाळी साडेनऊच्या सुमारास खडक तापला की गरम हवा वर उठते आणि मोठे पक्षी पंख न हलवता तिच्यावर गोल गोल चढत जातात. पुस्तकात याला काय म्हणतात हे मी तुला दोनदा सांगून पाहिलं. तू त्याला शिडी म्हणायचास. “शिडी लागली, चष्मेवाले!” अशी तुझी हाक आली की मी चहाचा कप तसाच सोडून दुर्बीण उचलायचो. कायम मला चष्मेवालेच म्हणालास, आणि अहो-जाहो. मी तुला अरे-तुरे. वयात दोन वर्षांचा फरक, पण हे कधी बदललं नाही. फक्त भांडण पेटलं की तू ‘ए चष्मेवाल्या’वर यायचास. मला ते फार आवडायचं, म्हणून कधी कधी मी उगाच पेटवायचो. हे तुला बोललो नव्हतो.

पहिल्या वर्षीची फजिती आठवते ना? आपण अठ्ठ्याऐंशी गरुड मोजले होते. मी सुवाच्य अक्षरात पुण्याच्या एका पक्षीमंडळाला पत्र टाकलं. त्यांच्यातले एक म्हातारे गृहस्थ एसटीनं आले, खडकावर बसले, पाऊण तास वर पाहत राहिले. मग त्यांनी विचारलं, “या डोंगरामागे काय आहे?”

“कोंबड्याची शेडं हायेत,” तू म्हणालास.

“मेलेल्या कोंबड्या कुठे टाकतात?”

“तिथंच, मागं नाल्यात.”

म्हातारे फार सभ्य होते. म्हणाले, “गरुड तुम्ही अगदी बरोबर ओळखलेत. पण ही एकच जोडी आहे. इथलीच आहे. डोंगराला फेऱ्या घालते.” त्यांची एसटी गेल्यावर आपण दोघं रस्त्याच्या कडेला बसून पोट दुखेपर्यंत हसलो होतो. एका जोडीला चव्वेचाळीस वेळा निरोप दिला आपण!

त्यानंतर तू नियम घातलेस. घाटातल्या सालईच्या झाडापासून समोरच्या टेकडीवरच्या मोबाईल टॉवरपर्यंत एक रेघ धरायची. पक्षी ती रेघ ओलांडून उत्तरेला गेला तर धरायचा, उलटा फिरून आला तर वजा. आणि सगळ्यात मोठा नियम, दोघांनी पाहिला तरच धरायचा. एकानं पाहिलेला पक्षी म्हणजे गप्पा. वहीत लिहायला मान खाली घातली की वरून दोन निसटतात, म्हणून लिहायचं शेवटी. तोवर प्रत्येक पक्ष्यामागे एक चिंचोका पिशवीतून काढून पत्र्याच्या डब्यात टाकायचा. रामनवमीला दुपारी बारा वाजता खालच्या गावात देवळाच्या घंटा वाजल्या की मोजणी बंद, वही मिटली, मग सुंठवडा.

चिंचोक्यांवरून तुला माफी मिळणार नाही. एकदा वहिनींनी कच्च्यांऐवजी भाजलेले चिंचोके पिशवीत दिले. त्या दिवशी आपला वाद चालला होता तो घारींवरून. घार मोजायची नाही हे तुझं म्हणणं, “घारीचं घर हितंच हाय, तिला कशापायी गावाला धाडता?” मी म्हणत होतो, काही घारी जातात. तू बोलता बोलता डब्यात हात घालून एकेक तोंडात टाकत होतास. माझ्या आठवणीत चौदा भोवत्ये होते, झाकण लावताना डब्यात निघाले सात.

“सात भोवत्ये खाल्लेस तू!” मी ओरडलो.

तू चावायचं थांबवून क्षणभर विचार केलास. “मंग वजा करा,” म्हणालास.

मी वजा केले नाहीत. चौदाच लिहिले आणि समासात ‘पैकी सात कडुबाच्या पोटात’ अशी नोंद केली. ती वही आत्ता माझ्यासमोर आहे. घारींचा वाद मात्र तसाच राहिला. यंदा घारींनी काय केलं ते सांगत नाही, कारण तुझं खरं ठरेल.

आता त्या वर्षाबद्दल. मोजणीचं पाचवं वर्ष. आदल्या श्रावणात माझी सुधा गेली होती. दिवाळीनंतर मी दुकानाला गिऱ्हाईक शोधायला लागलो. पुण्याहून निखिल दर रविवारी फोन करायचा, “बाबा, तुमची खोली तयार आहे, पूर्वेची खिडकी आहे.” मला कशातच रस उरला नव्हता. खोली कुठली आणि खिडकी कुठली, सगळं सारखंच होतं. तरी मोजणीला आलो, कारण तू घरी येऊन स्कूटरची किल्ली माझ्या हातात कोंबलीस. रोज खडकावर बसून तू गप्पा मारायचास आणि मी हूं हूं म्हणायचो. रामनवमीच्या सकाळी तुला सांगून टाकलं, हे माझं शेवटचं वर्ष, वैशाखात पुण्याला चाललो. वही तुझ्याकडे ठेव.

तू फक्त “बरं,” म्हणालास आणि दुर्बिणीची काच पुसत बसलास. मला जरा वाईटही वाटलं, की या माणसाला काहीच वाटलं नाही.

मग पावणेबाराच्या सुमारास ती आली. नाथसागरावर मासे मारणारी, पांढऱ्या पोटाची, लांब वाकड्या पंखांची मोठी घार. पुस्तकात तिला कैकर म्हणतात, तू कोळीण म्हणायचास. धरणावर आपण तिला पुष्कळदा पाहिली होती, पण या खिंडीवरून जाताना पाच वर्षांत एकदाही नाही. दरवर्षी तू म्हणायचास, पैठणहून उत्तरेला जायचं तर तिचीबी वाट हीच, कधीतरी घावंल. आणि ती घावली. सालईच्या डाव्या अंगानं, फार उंच नाही, सावकाश पंख मारत गेली. डोळ्यावरची काळी पट्टीसुद्धा मला दिसली. कित्येक महिन्यांनी मी इतक्या जोरात ओरडलो असेन, “कोळीण! कडुबा, कोळीण! सालईच्या डावीकडे!”

तू दुर्बीण लावलीस. ती रेघ ओलांडून गेली. तू दुर्बीण खाली घेतलीस आणि थंडपणे म्हणालास, “कुठंय? मला नाय दिसली.”

मी आधी समजावलं, मग चिडलो, मग किंचाळलो. तू खडकावर मांडी घालून बसलेला. “दोघांनी बघाय पायजे, चष्मेवाले. नेम म्हंजी नेम. तुमच्या चष्म्यावर डाग असंल.”

“चष्म्यावर डाग? मला सांगतोस? पस्तीस वर्षं धंदा करतोय मी!”

“मंग बगळा असंल.”

बगळा! कडुबा, त्या शब्दानं माझ्या अंगाचा तिळपापड झाला. खाली घंटा वाजत होत्या, मोजणी बंद झाली होती, आणि मी खडकावर उभा राहून, सुधा गेल्यापासून न चढलेल्या आवाजात तुला वाट्टेल ते बोलत होतो. शेवटी म्हणालो, “पुढच्या वर्षी येतो आणि तुझी मान धरून दाखवतो. त्याशिवाय या पानाची बेरीज होणार नाही.” तू म्हणालास, “या. नगं कोन म्हनलं?”

त्या वैशाखात मी पुण्याला गेलो नाही. दुकान राहिलं. निखिलला सांगितलं, एक पान अर्धवट आहे. तो बिचारा समजूतदार, त्याला वाटलं दुकानाचे काही कागद असतील.

पुढची अकरा वर्षं मोजणीचा पहिला दिवस याच भांडणानं सुरू झाला. वही उघडायची, पाचव्या वर्षाचं पान काढायचं. तिथं सगळ्या पक्ष्यांपुढे आकडे, कोळिणीपुढे कोरी जागा, खाली बेरजेचीही कोरी जागा. “म्हण, पाहिली होती.” “नाय पाहिली.” एकदा पावसाळ्यात तू दुकानात आलास तेव्हा मुद्दाम खुर्चीत बसवून तुझे डोळे तपासले. तू पुन्हा छापखान्याच्या नावापर्यंत वाचत गेलास. मी म्हणालो, “डोळे ठणठणीत आहेत. म्हणजे खोट नियतीत आहे.” तू इतका हसलास की खुर्ची हलली. मला तेव्हाच कळायला हवं होतं. ज्याला चौकटीजवळचं छापखान्याचं नाव दिसतं, त्याला दोन हात पंखांची कोळीण दिसत नाही? पण मी रागात होतो आणि खरं सांगायचं तर मला तो राग हवा होता. सकाळी उठायला तो पुरायचा.

आणखी एक राहिलंय. मी सगळ्यांना सांगत फिरलो की या गावात राहिलो तो त्या पक्ष्यापायी. ते खरं नव्हतं. मी राहिलो तो तुझ्यापायी. सुधा गेल्यावर मला कुणाशी बोलताच येत नव्हतं, फक्त तुझ्याशी भांडता येत होतं. हे मी तुला अकरा वर्षांत एकदाही म्हटलं नाही. म्हटलं असतं तर तू म्हणाला असतास, “बरं.” आणि दुर्बिणीची काच पुसत बसला असतास.

संक्रांतीला तुझा फोन आला. “यंदा लवकर चालू करू, हवा लवकर तापू राह्यली.” मी म्हणालो, शिवरात्रीच्या आधी नाही, नियम म्हणजे नियम. त्यानंतर पंधरा दिवसांत तू गेलास. मी आलो होतो. तुझ्या दाराशी उभा राहिलो. वहिनींनीच मला पाणी दिलं.

शिवरात्रीनंतर एकटाच टेकडीवर गेलो. पहिल्याच दिवशी छान शिडी लागली, नेपाळी गरुडांची जोडी गेली, भोवत्ये गेले, खरूची गेली. सगळं पाहिलं आणि काहीच धरता येईना. दोघांनी पाहिला तरच! मी एक पळवाट काढली. माझ्या जागेवरून एकदा पाहायचं आणि उठून तुझ्या जागेवर बसून पुन्हा एकदा पाहायचं. गुडघे धरत तिकडे पोचेपर्यंत पक्षी फुलंब्रीला पोचलेला असायचा. तिसऱ्या आठवड्यात जायचंच सोडलं. वहीत यंदाचं पान तारीख घालून कोरं राहिलं. निखिलचा फोन आला, “बाबा, आता तरी?” मी म्हणालो, रामनवमी होऊ दे, मग ठरवू. मनात ठरलंच होतं. टेकडीवर दुसरं कुणी नसेल तर या गावात आता माझं काय होतं?

रामनवमीच्या आदल्या दिवशी वही वहिनींना द्यायला तुझ्या घरी गेलो. गयावहिनींना तू जन्मभर माझ्यासमोर भित्रा नवरा असल्यासारखा भ्यायचास आणि त्या आपल्याला जन्मभर नावं ठेवायच्या, “दोन घोडे आभाळाकडं तोंड करून बसतेत.” त्या ओसरीत बसल्या होत्या. मांडीवर नुसतंच सूप, त्यात काहीच नव्हतं. सून म्हणाली, आई अंगणाच्या बाहेर पडत नाहीत, कुणाशी धड बोलत नाहीत. वही हातात घेऊन त्यांनी पानं चाळली, आणि शेवटच्यावर थांबल्या.

“यंदाचं कोरं कामून, भाऊजी?”

मी नियम सांगितला. त्यांनी ऐकून घेतलं. आत गेल्या आणि पत्र्याचा डबा आणि चिंचोक्यांची पिशवी घेऊन आल्या. “उंद्या म्या येते. येकच दिस. त्यांच्या नावानं येक दिस बसते, पन पुन्हा म्हनून नाय येनार, आदीच सांगून ठिवते. माहे गुडघे काय सरकारी नाईत.”

परवा त्यांचा मुलगा त्यांना मोटारसायकलवर घाटापर्यंत सोडून गेला. टेकडी चढायला आम्हाला पाऊण तास लागला, त्यात त्या चार वेळा थांबल्या आणि मी सहा वेळा. त्या तुझ्या जागेवर बसल्या. मी दुर्बीण पुढे केली तर म्हणाल्या, “त्या डबड्यातनं नाय दिसत मला.” आणि हाताचा आडोसा करून बसल्या. कडुबा, तुझ्या घरात नजर कुणाची तेज होती हे मला इतकी वर्षं चुकीचं माहीत होतं! शिडीच्या टोकाला मला नुसता ठिपका दिसत होता, तेव्हा त्या म्हणाल्या, “त्याच्या शेपटीचं येक पीस गळालंय.” नाव एकाही पक्ष्याचं माहीत नाही. लांबड्या, टोपीवाला, तो काळा ढब्बू. त्या दाखवत होत्या, मी नाव सांगत होतो, दोघांनी पाहिला म्हणून डब्यात चिंचोका पडत होता. अकरापर्यंत नऊ झाले. यंदाच्या पानाला हिरवळ फुटली.

भाकरी सोडताना त्यांनीच विषय काढला. “भाऊजी, येक सांगू का? कुनाला सांगू नको म्हनले व्हते. पन आता कोन भांडाया बसलंय.”

“सांगा.”

“ती तुमची कोळीन. त्यांनी बघितली व्हती. तुमच्या आदी बघितली व्हती.”

माझ्या हातातला भाकरीचा तुकडा हातातच राहिला. “मग नाही का म्हणाला?”

“त्या दिशी घरी आले ते हसतच. पानी बी घेतलं नाय. म्हनले, गया, आज म्या लई मोठं खोटं बोललो. चष्मेवाला पुन्याला चालला व्हता, आता नाय जायचा. आता त्यो दरसाल माह्याशी भांडाया ईल.” त्यांनी ठेचा माझ्या भाकरीवर वाढला. “दर साली म्हनायचे, यंदा सांगून टाकतो. मंग म्हनायचे, नगं, सांगितलं तर जाईल.”

कडुबा, लबाडा! तुझी पाच वर्षांची आस होती ती कोळीण. रोज तिची वाट पाहायचास. ती आली, तुझ्या दुर्बिणीतून गेली, आणि तू तोंडातून हूं काढलं नाहीस, चेहरासुद्धा हलू दिला नाहीस. वर बगळा म्हणालास! मी त्या खडकावर आधी हसलो, मग रडलो, मग दोन्ही एकदम सुरू झालं. वहिनी म्हणाल्या, “पानी प्या.” मी पाणी प्यायलो आणि वही उघडली. पाचव्या वर्षाच्या पानावर कोळिणीपुढच्या कोऱ्या जागेत एक लिहिला. दोघांनी पाहिली होती, नियमात बसत होतं. खाली बेरीज केली. बारा वर्षं अडलेली बेरीज मांडायला अर्धं मिनिट लागलं.

मग पान उलटून यंदाचं काढलं. बाराला दहा कमी होते. वहिनींनी पदरानं तोंड पुसलं, डब्याचं झाकण हातात घेतलं. “झालं ना तुमचं? चला. आता पुन्हा काय माहं हिकडं येनं नाय.” त्यांचा आवाज परत ओसरीतला झाला होता. आणि मला ती पूर्वेची खिडकी दिसायला लागली.

तेवढ्यात त्या ताठ झाल्या. “त्यो बगा! पांढरा! गवताच्या शेंड्यावरनं चाललाय, टावरकडं!”

मी पाहिला. अगदी साफ पाहिला. पांढुरका भोवत्या, नर, राखी-पांढरा, पंखांची टोकं काळी. गवताला पोट लागेल इतका खाली, एकदा डावीकडे कललेला, एकदा उजवीकडे. दुर्बिणीची गरजच नव्हती. अख्ख्या हंगामातला इतका देखणा पक्षी मी पाहिला नव्हता. टॉवरच्या अलीकडे तो उचलला गेला आणि रेघ ओलांडून उत्तरेला गेला.

वहिनींनी पिशवीतून चिंचोका काढून माझ्यापुढे धरला होता. “दिसला न्हवं?”

मी चष्मा काढला, सावकाश पुसला, पुन्हा घातला.

“नाही बुवा, वहिनी,” मी म्हणालो. “मला नाही दिसला.”

“नाय दिसला? आवो येवढा ढळढळीत गेला! म्हैस दिसावी तसा दिसला!”

“दोघांनी पाहायला हवा. नियम म्हणजे नियम. बगळा असेल.”

“बगळा?” त्या उठून उभ्या राहिल्या, गुडघ्यांसकट. “जनमभर लोकायला चष्मे लावले आन सोताचे डोळे हायेत का बटनं? बगळा म्हनं! थांबा, पुढल्या साली येते आन तुमची मान धरून दावते!”

खाली घंटा वाजायला लागल्या. उतरताना त्या माझ्या पुढे चालत होत्या आणि वळून वळून बोलत होत्या. रात्री निखिलला फोन करून सांगितलं, यंदाचंही एक पान अर्धवट राहिलंय.

त्यांनी दिलेला चिंचोका मी डब्यात टाकलेला नाही, कडुबा. तो माझ्या शर्टाच्या खिशात आहे.